सुताचे अंतर

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरताना कानावर प्रथम पडते ती कानशीची खरखर; ज्या मधुर वाद्यासाठी हे गाव देशभर प्रसिद्ध आहे ते अशा कर्कश घर्षणातून जन्मास येते, ही गोष्ट नवख्यास किंचित विसंगत वाटल्यावाचून राहत नाही. साताऱ्याच्या एक परिचित गायिका आपला तंबोरा जवारीसाठी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून नाद खुलविण्यासाठी, तेथे नेत होत्या, आणि सामान सांभाळणारा सोबती एवढ्याच अधिकाराने मी त्यांच्याबरोबर निघालो होतो. भोपळ्यास धक्का लागू नये म्हणून आगगाडीत खिडकीची जागा तंबोऱ्याला मिळाली, मला मिळाली नाही, हेही येथे नमूद करून ठेवतो.

या गल्लीतील कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना व भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संस्थानी फौजांची हत्यारे निरुपयोगी होत चालली, मिरजेच्या संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयास असलेल्या गवयांची मोडकी वाद्ये दुरुस्तीस येऊ लागली, आणि फरीदसाहेबांसारख्यांचा पात्यावर फिरणारा हात तारेकडे वळला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले आणि गावाची ओळख सरकारदप्तरी रीतसर रुजू झाली. माणसाची ओळख कोणत्या दप्तरात रुजू होते, हा प्रश्न मला त्या दिवशी दुपारनंतर पडला.

भीमाकाठच्या मळ्यांतला भोपळा वाळवून कापणे, पाण्यात भिजवून आतून काठ्यांचे टेकू देत त्यास हवी ती गोलाई आणणे, तुनाच्या लाकडाची तबली बसविणे, पोकळ दांडी जोडणे, नक्षी काढणे, लाखेचे पॉलिश चढविणे, ही सारी कामे महिनोन् महिने चालतात आणि चार हातांत वाटूनही घेता येतात. जवारीचे काम मात्र घरातील एकच जाणता माणूस करतो, आणि तो ते करीत असताना दुकानात कोणी मोठ्याने बोलत नाही.

घोडीचा माथा पाहणाऱ्यास सपाट भासतो. वस्तुतः त्याला डोळ्यास जाणवू नये इतका बाक असतो. तार त्या माथ्यावर एका बिंदूत न टेकता उतारावरून पुसटशी घासत जाते, आणि त्या घासण्यामुळेच एका स्वराच्या पोटातील अनेक स्वर मोकळे होऊन, जो कोणत्याही तारेस लावलेला नाही असा गंधार खर्जातून उमटू लागतो. गवई त्यास स्वयंभू म्हणतात. बाक अधिक झाला तर नाद मिटतो, उतार फारच सपाट झाला तर तार चरचरते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नाद कोठे उघडतो ते शोधायचे. सुताराच्या मापात सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. येथे त्याच्या दहाव्या भागानेही रागाचा चेहरा बदलतो.

वृद्ध कारागिराने तारा छेडल्या, मान हलविली आणि म्हणाला, “ताई, जरा षड्ज लावा.” त्यांनी काळी चारचा षड्ज लावला. डोळे मिटून त्याने तो दोनदा ऐकला.

“ही जवारी तुमची नाही. तुमच्या बाईंची आहे. माझ्या वालिदांनी काढलेली.”

तंबोरा गुरूंकडूनच आलेला होता. बाईंचा आवाज भरदार, त्यामुळे जवारी खुली, घुमणारी. यांचा गळा बारीक, टोकदार, आणि त्या घुमाऱ्यात तो वीस वर्षे दबून राहिला, किंवा तेथवर पोहोचण्यासाठी आपली प्रकृती सोडून ताणला गेला. त्यांच्या गाण्याला लोक ‘हुबेहूब बाई’ म्हणत आणि त्यांना ते भूषण वाटे. आपल्याकडे ‘गळ्यात जवारी आहे’ असे म्हणतात खरे. पण वाद्याच्या आणि गळ्याच्या जवारीची अशी रुजुवात कोणी घालून पाहिलेली मी तरी पूर्वी पाहिली नव्हती.

एकाच गुरूच्या शिष्यांनी आपापली वाट धरणे या गावास नवे नाही. याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुसकरांना तालीम दिली. १८९६ साली पलुसकर मिरज सोडून निघाले, औंध, सातारा करीत उत्तरेस गेले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य अंतुबुवा जोशी औंधास राहिले आणि तेथे १९४० साली त्यांनी संगीताचा उत्सव सुरू केला. एकाच घोडीवरून निघालेल्या दोन तारा! येथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे ते गवई अब्दुल करीम खाँसाहेब तर स्वतःच कानस हाती घेत. गेल्या शतकाच्या आरंभी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींची आकड्यांत मोजदाद केली तेव्हा त्यांनी खाँसाहेबांच्या गळ्याचे साह्य घेतले. श्रुती मोजल्या गेल्या, पण जवारीचे माप आजही कानापाशीच अडते.

इकडे दुकानात तंबोऱ्यावर नवी घोडी बसली. चार घासे, एक झंकार, पुन्हा चार घासे. गायिकेला आपल्याला काय हवे ते सांगता येईना; “असे नको” एवढेच सांगता येत होते, आणि कारागिराला तेवढे पुरत होते. दर नकारागणिक तो माथा किंचित उतरवी. चौथ्या प्रहरी त्यांनी हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. डोळे मिटून त्या गाऊच लागल्या. म्हाताऱ्याने कानस खाली ठेवली आणि चहा मागविला.

“जुनी घोडी टाकून देऊ?”

त्यांनी ती रुमालात बांधून पिशवीत ठेवली.

पुढे साताऱ्यास एका घरी बैठक झाली. आवाज हलका, पण स्वतःच्या पायांवर उभा होता. काही जुन्या श्रोत्यांना तो पसंत पडला नाही, आणि त्यांनी तसे पान लावता लावता बोलूनही दाखविले. बागेश्रीच्या मध्यावर त्यांनी बाईंची एक प्रसिद्ध जागा घेतली, अर्ध्यावर क्षणभर थांबल्या, आणि उरलेली आपल्या पद्धतीने खाली उतरून मिटविली. मागे तंबोरा धरून बसलेल्या शिष्येने ओठांतल्या ओठांत ती तशीच म्हणून पाहिली.