तोफखान्यावरून टिपलेली मदिना

कॅमेऱ्याची तिपाई कुठे उभी करायची हे अचूक ठरले की छायाचित्रकाराचे निम्मे काम तिथेच होते. 1861 मध्ये मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अभियंत्यांनी मदिनेत ती उभी केली तोफखान्याच्या उंचीवर. तिथून मशिदीचे पाच मिनार आणि पैगंबरांच्या कबरीवरचा घुमट, सभोवतीच्या दाट वस्तीसह एका चौकटीत मावत होते. मदिनेची आज माहीत असलेली सर्वांत जुनी छायाचित्रे सादिक बे यांचीच.

मुळात ते आले होते मोजणीसाठी. तांबड्या समुद्राकाठच्या वज्ह बंदरापासून मदिनेपर्यंतचा रस्ता होकायंत्र घेऊन नोंदवायचा, ही सरकारी कामगिरी. फोटो काढायला कुणी सांगितले नव्हते.

आणि फोटो काढणे म्हणजे तेव्हा अंगमेहनत होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा. काच हलकेच तिरपी करत तो चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचा, जास्तीचा थेंब कडेने परत बाटलीत सोडायचा. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काच बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि फोटो घेताच लगेच धुवायची. एरवी या साऱ्याला दहा-पंधरा मिनिटे मिळत. मक्का-मदिना ज्या हिजाझ प्रदेशात आहेत तिथल्या कोरड्या हवेत थर त्याहूनही लवकर सुकणार. सुकला की काच वाया. धुळीचा कण बसला तर निगेटिव्हवर कायमचा डाग. त्यात रसायनांच्या बाटल्या आणि जड काचा वाळवंटातून सुखरूप न्यायच्या, त्या वेगळ्याच!

याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही कॅमेरा चालवत होते. 1854 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत त्यांचा वावर होता. पण त्यांच्या आसपास त्याच छंदाची माणसे होती, रसायनांची दुकाने होती. सादिक बे यांच्यासाठी मदिनेत यातले काहीच नव्हते.

मुस्लीम असल्यामुळे त्यांना शहरात प्रवेश होता, हे खरे. तो तर दरवर्षी हजारो यात्रेकरूंना होता. वेगळेपण आले ते चिकाटीतून. 1880 मध्ये यात्रेच्या काफिल्याचे खजिनदार म्हणून ते पुन्हा निघाले. या वेळी मक्काही टिपली आणि मदिनेच्या मशिदीचे प्रमुख शौकत पाशा यांनाही कॅमेऱ्यासमोर बसवले. छायाचित्रांवर ते आपले नाव घालत. आपल्याआधी हे कुणी केलेले नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. तो अभिमान रास्तच होता. 1881 मध्ये व्हेनिसच्या भूगोल परिषदेत त्यांना सुवर्णपदक मिळाले.

पुढे 1907 च्या सुमारास दिल्लीच्या चांदणी चौकातल्या एच. ए. मिर्झा अँड सन्स यांनी मक्का-मदिनेची छायाचित्रे काढून विकली. यात्रा घडलेल्यांना आठवण हवी होती, न घडलेल्यांना दर्शन. मिर्झांनी ही गरज ओळखली. धंदा असा उभा राहतो.

आज मशिदीच्या आवारात हातोहाती मोबाइल आहेत. घुमटाचा आणखी एक फोटो काढून कुणाचे नाव होणार नाही. सौदी छायाचित्रकार आदिल कुरैशी यांनी कॅमेरा माणसांकडे वळवला. कबरीच्या दालनाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या ‘आगा’ सेवकांची शतकानुशतकांची परंपरा संपत आली होती. उरलेल्या आठ वृद्ध सेवकांची व्यक्तिचित्रे त्यांनी काढली. ‘द गार्डियन्स’ ही ती मालिका लंडनमध्ये प्रदर्शित झाली.