सजावट घरची, खर्च बेताचा

बंगळूर शहराच्या वायव्येस, पुण्याकडून येणाऱ्या महामार्गालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र वसलेले आहे. यंत्रांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, तयार कपडे यांचे आणि धातूंवर मुलामा देण्याचे असंख्य लहानमोठे कारखाने येथे आहेत. येथील उद्योजकांची संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली. १ मार्च २०१४ पासून मेट्रो रेल्वेही येथपर्यंत धावू लागली. कामाच्या शोधात निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे या भागात भाड्याच्या एकदोन खोल्यांतून राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

अशा घरात सण आला म्हणजे आनंदाबरोबर दोन अडचणी येतात. एक पैशाची आणि दुसरी जागेची. तयार मखर, माळा आणि कंदील विकत आणावेत, तर महिन्याचा हिशेब कोलमडतो. प्रसंगी उसनवारी करावी लागते. शिवाय सण संपल्यावर त्या वस्तू ठेवायच्या कोठे, हाही प्रश्न असतोच. सजावट घरीच केली, तर या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर होतात. मात्र फुकट मिळेल ती वस्तू वापरणे म्हणजे काटकसर नव्हे. वस्तूची निवड विचारपूर्वक करणे, हाच काटकसरीचा खरा अर्थ होय.

वस्तू निवडताना

सजावटीसाठी कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ती घरात आणण्यास निर्धोक आहे काय? ती पुन्हा वापरता येईल काय? आणि शेवटी ती टाकून दिल्यावर तिचे काय होईल?

थर्मोकोल हे याचे उत्तम उदाहरण आहे. ते हलके असते, सहज कापले जाते. म्हणून एके काळी घरोघरी मखरांसाठी वापरले जाई. परंतु ते कुजत नाही. त्याचे बारीक मणी होऊन ते गटारांत व तळ्यांत साचतात आणि जाळल्यास विषारी धूर निघतो. याच कारणांनी १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आहे.

औद्योगिक वसाहतीत पहिला प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. शिवणकामातून उरलेले कोरे कातरण, मालाची नालीदार पुठ्ठ्याची खोकी आणि कोरे कागद हे सजावटीस योग्य आहेत. याउलट यंत्रे पुसलेल्या तेलकट चिंध्या, रसायनांचे रिकामे डबे व पिंपे, धातूचा धारदार कीस या वस्तू घरात आणू नयेत. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार तेलाने किंवा रसायनांनी दूषित झालेल्या चिंध्या व डबे यांची गणना घातक कचऱ्यात होते. डबा कितीही सुबक दिसला, तरी त्यात फुले ठेवणे किंवा तो मुलांच्या हाती देणे धोक्याचे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कारखान्यातील टाकाऊ मालही कारखान्याचीच मालमत्ता असते. तो बाहेर नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि फाटकावर दाखवावयाची चिठ्ठी मागून घ्यावी. दोन खोक्यांपायी नोकरीवर बालंट येऊ देऊ नये. परवानगी न मिळाल्यास भंगारवाल्याकडून खोकी वजनावर विकत घेता येतात.

मखर आणि पताका

मखरासाठी पुठ्ठ्याचे तीन आयत कापावेत. प्रत्येक आयत ४५ सेंमी रुंद व ६० सेंमी उंच असावा. ते शेजारी शेजारी ठेवून सांध्यांवर कापडाची पट्टी खळीने चिकटवावी. चार चमचे मैदा एक पेला पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवला की खळ तयार होते. मधला भाग मागे आणि दोन बाजूंचे भाग तिरपे पुढे ठेवले, की मखर स्वतःच्या आधाराने उभे राहते. त्यावर जुन्या साडीचे काठ किंवा पदर टाचावा. सण झाल्यावर त्याची घडी होते व ते कपाटामागे मावते.

कातरणाच्या पताकाही सहज होतात. १५ सेंमी पाया असलेले १५ त्रिकोण कापावेत व प्रत्येकानंतर ५ सेंमी अंतर सोडून ते दोरीवर शिवावेत. ३ मीटरांची माळ तयार होते. कापडी पताका धुता येतात. त्यामुळे गणपतीच्या पताका बारशालाही उपयोगी पडतात.

आकाशकंदील

पारंपरिक आकाशकंदिलासाठी बांबूच्या २० सेंमी लांबीच्या २४ सारख्या कामट्या घ्याव्यात. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून ६ चौकोन तयार करावेत. नंतर प्रत्येक चौकोनाचा एकेक कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याशी बांधावा. असे १२ सांधे बांधले की सांगाडा पुरा होतो. चौकोनांच्या मधे ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. वरचा व खालचा चौकोन हवेसाठी मोकळा ठेवावा आणि उरलेल्या भागांवर पतंगाचा रंगीत कागद खळीने चिकटवावा. खाली झिरमिळ्या लावाव्यात.

बंगळूरात ऑक्टोबरमध्येही चांगला पाऊस पडतो. त्यामुळे दिवाळीत उघड्यावर लावलेला कागद भिजण्याचा संभव असतो. कंदील छपराखाली टांगावा किंवा कागदाऐवजी पातळ कापड लावावे. पुढील वर्षी तोच सांगाडा वापरता येतो.

कंदिलात तेलाची पणती किंवा मेणबत्ती ठेवू नये. तारेचा जुना दिवाही फार तापतो. ५ वॉटचा एलईडी दिवा रोज ६ तास याप्रमाणे ५ दिवस लावला, तर ०.१५ युनिट वीज लागते. ६० वॉटच्या तारेच्या दिव्याला तेवढ्याच वेळात १.८ युनिट लागते. वायरचा सांधा उघडा राहू देऊ नये आणि तो पावसात येणार नाही, याची खात्री करावी.

शेजाऱ्यांचे सण

परप्रांतातील सजावटीला शेजाऱ्यांचीही जोड मिळते. कर्नाटकात गौरीचा सण भाद्रपद शुद्ध तृतीयेला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी असतो. महाराष्ट्रातील ज्येष्ठागौरी गणपतीनंतर अनुराधा नक्षत्रावर येतात. कन्नड शेजारणीची गौर उठल्यावर तिच्या पताका व पडदे मराठी घरातील गौरीपुढे लावता येतात. नवरात्रात कन्नड घरांतून पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. त्या सणाला गोंबे हब्ब म्हणतात. मखरासाठी आणलेली उरलीसुरली खोकी भक्कम असली, तर त्या पायऱ्यांखाली आधाराला लागतात. वस्तूंची अशी देवघेव केल्याने दोन्ही घरांचा खर्च वाचतो आणि ओळखही वाढते.

सण संपल्यावर प्रत्येक वस्तू पुसून, वाळवून व घडी करून ठेवावी. पाने व फुले ओल्या कचऱ्यात, तर फाटका पुठ्ठा सुक्या कचऱ्यात द्यावा. पहिल्या वर्षी सजावटीला श्रम अधिक पडतात. दुसऱ्या वर्षी तीच सजावट पेटीतून काढून मांडावयाची असते. वाचलेला वेळ आणि पैसा घरातील माणसांसाठी उरतो.