बैठें काम आणि कमरेचा घेर

कचेरींत किंवा घरच्या टेबलाशीं बसून काम करणाऱ्या माणसाला आपलें वजन वाढल्याची पहिली वर्दी बहुधा तराजू देत नाहीं. ती कमरेचा पट्टा देतो. एक भोंक पुढें सरकलें कीं आपण शिंप्याला दोष देऊन मोकळे होतों. पण शिंप्याचा यांत अपराध नसतो, हें लंडनच्या बसगाड्यांच्या दप्तरांतून फार पूर्वीं दिसून आलें आहे.

त्या शहरांतील दुमजली बसगाडीचा चालक दिवसभर एका जागीं बसून असे, आणि वाहक तिकिटें देत जिना चढत-उतरत असे. चालकांपेक्षां वाहकांमध्यें हृदयविकार कमी आढळतो, असें डॉ. जेरेमी मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखविलें. पुढें १९५६ मध्यें त्यांनीं गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां चालकांच्या पाटलोणी कमरेंत अधिक रुंद निघाल्या. बसण्याचा धंदा माणसाला स्थूल करतो, कीं मूळचा स्थूल माणूसच बसण्याचा धंदा पत्करतो, अशी शंका कोणीही घेईल. ती रास्त आहे. टीकाकारांनीं ती घेतलीही.

मला त्याहून बोधप्रद वाटतें तें आपल्याच देशांत झालेलें आणि त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेलें काम. ज्याँ मेयर आणि त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम बंगालमधील एका तागाच्या गिरणीच्या परिसरांतील माणसें अभ्यासिलीं. दुकानाच्या गादीवर बसून राहणारे, कारकून, विणकर आणि गांठी वाहणारे हमाल, अशी ती चढती श्रेणी होती. श्रम वाढतील तसा आहार वाढावा आणि वजन स्थिर राहावें, हें अपेक्षितच होतें, आणि काम करणाऱ्यांच्या बाबतींत तसेंच आढळलें. परंतु हालचाल एका मर्यादेखालीं गेली कीं हा हिशेब मोडतो. गादीवरचे लोक हलकें काम करणाऱ्यांपेक्षां कमी खात नव्हते; उलट अधिक खात होते, आणि त्यांचें वजनही अधिक होतें. भूक ही श्रम करणाऱ्याची विश्वासू मुनीम खरी. पण मालक दिवसभर बसून राहिला तर तिच्या वह्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं. “मला भूक लागते तेवढेंच मी खातों,” हें आपलें समर्थन म्हणूनच लंगडें पडतें.

आतां कोणी म्हणेल, माझे हातपाय तर काडीसारखे आहेत, मला ही चिंता कशाला? या श्रोत्याशींच मला विशेष बोलावयाचें आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनीं २००४ सालीं आपलेंच छायाचित्र व मापें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत छापिलीं. उंचीच्या मानानें वजन काढण्याचा जो अंक आहे, तो दोघांचा अगदीं सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! आपल्याकडील पुष्कळ माणसें अशीं दिसावयास सडपातळ आणि आंतून स्थूल असतात. ही चरबी पोटांत, यकृताभोंवतीं सांठते आणि मधुमेहाला वाट करून देते. म्हणून आपल्या लोकांसाठीं कमरेची मर्यादा पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर अशी धरतात. माप घ्यावयाचें तें पाटलोणीच्या पट्ट्यावरून नव्हे. शेवटची बरगडी व कटीचें हाड यांच्या मध्यावर, पोट आंत न ओढतां, श्वास सहज सोडल्यावर टेप धरावी.

स्वयंपाकघराकडे वळूं. चार माणसांच्या घरांत महिन्याला पांच लिटर तेल लागत असेल, तर माणशीं दररोज सुमारें ३८ ग्रॅम तेल पोटांत जातें. म्हणजे जवळजवळ ३४० उष्मांक. सत्तर किलो वजनाच्या गृहस्थाला तेवढे खर्च करण्यास दीड ते दोन तास चालावें लागेल. पांचाचे साडेतीन लिटर केले, तर कोणालाही न कळतां माणशीं रोजचे शंभर उष्मांक वाचतात. फोडणी कोणी बंद करावयास सांगत नाहीं. चहाचेंही तसेंच: दोन चमचे साखरेचे चार पेले म्हणजे १६० उष्मांक, आणि त्यानें पोट तर भरत नाहीं. भात अर्धा करून त्या जागीं उसळ व कोशिंबीर वाढली, तर मात्र पोट भरतें.

दोन गोष्टी आपल्या घरांत कोणी मोजीत नाहीं. एक उपवास: साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यांत दाण्याचें कूट आणि तूप पडलें कीं एकादशी ही द्वादशीहून जड होते. दुसरी गोष्ट गृहिणीची. सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर “टाकवत नाहीं” म्हणून पातेल्यांतलें उरलेलें जी संपविते, तिच्या कमरेचा हिशेब करतांना सारें घर मुकाट बसतें. त्याला उपाय एकच: अन्न मोजकें शिजवावें आणि उरलेलें सर्वांनीं वांटून घ्यावें.

व्यायामाविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. नुसत्या व्यायामानें वजन अपेक्षेइतकें उतरत नाहीं. भूक वाढते, आणि शरीर इतरत्र काटकसर करतें. उतरविण्याचें काम मुख्यतः ताटाचें. उतरलेलें टिकविण्यास व्यायाम फार उपयोगी. शिवाय पायांचे स्नायू हलूं लागले कीं ते रक्तांतील साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें चालणें लाभाचें. दूरध्वनीवर बोलावयाचें तर उभें राहून, पाणी प्यावयाचें तर स्वतः उठून, आणि अर्ध्या-पाऊण तासानें खुर्ची एकदां सोडून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं आठवड्याला निदान १५० मिनिटें मध्यम श्रम सांगितले आहेत. रविवारीं एकदम दोन तास धांवून गुडघे दुखवून घेणाऱ्यांस हें मुद्दाम सांगतों.

आणि इतकें करूनही कांटा हलला नाहीं तर? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक होते. ज्यांना नेहमींचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकीं तीन वर्षांत ५५ टक्के मधुमेही झाले. ज्यांनीं आहार व चालणें सुधारलें, त्यांच्यापैकीं ३९.३ टक्के. या दुसऱ्या गटाचें वजन म्हणण्यासारखें उतरलेंच नव्हतें. तेव्हां दोन महिन्यांत कांटा जागचा हलला नाहीं म्हणून चालण्याचे जोडे माळ्यावर टाकूं नयेत.

ज्यांना मधुमेहावर इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनीं मात्र जेवण एकाएकीं कमी करूं नये. साखर धोकादायक रीत्या खालीं जाऊं शकते. अगोदर आपल्या डॉक्टरांस विचारून औषधाचें प्रमाण ठरवून घ्यावें, मग ताटाला हात लावावा.