चासीचा गंज: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडे जुनी गाडी ठेवणाऱ्याला ठरलेला सल्ला मिळतो: ‘ताडपत्री टाकून ठेवा, पाऊस लागला नाही की झालं.’ पण गंज चढायला पाऊस लागत नाही, दमट हवा पुरते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पत्र्यावर बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ पाझरू लागतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांलाच ओल धरतं. म्हणजे किनाऱ्यावर तो पत्रा मे महिन्यातही धड कोरडा नसतो आणि घट्ट गुंडाळलेली ताडपत्री ती ओल आत कोंडते. आडोसा हवाच, पण खालून वारा खेळता राहावा आणि चासी अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी.

‘चासी वेगळी आहे ना, मग बॉडी सडली तरी चालतं.’ ट्रायम्फ स्पिटफायर घ्या. १९६२ची ही दोन सीटची गाडी हेरल्डची चासी आखूड करून बनवली. तीच हेरल्ड मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून तयार व्हायची, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हा सांगाडा अनोळखी नाही. मात्र स्पिटफायर करताना चासीच्या कडेच्या कांबी काढून टाकल्या. तिथे दाराखालचा सिल भार घेतो आणि मागचे रेडियस आर्म थेट बॉडीला बसतात. सिल सडला की गाडी मधोमध वाकते, दारं लागेनाशी होतात.

‘तांबेरा घासला, काळा अंडरकोट मारला, मोकळे झालो.’ चासीच्या कांबी पोकळ असतात, खारं पाणी आत साचतं आणि लोखंड आतून सडत येतं. छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो सरळ आत जातो आणि तपकिरी भुगा गळू लागतो. रस्ट कन्व्हर्टर गंजाचा स्थिर थर करतं. गेलेलं लोखंड काही परत आणत नाही.

वरून पत्रा ठोकून वेल्डिंग केलं तर दोन पत्र्यांच्या सांदीत पुन्हा ओल धरते. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं आणि मूळ जाडीचा तुकडा कडेला कड लावून जोडायचा. त्याआधी कर्णांची मापं घ्यायची, दाराच्या पोकळीत तात्पुरता आडवा पाइप द्यायचा. टाके एका दमात मारू नयेत, उष्णतेने चासी पिळवटते. पेट्रोलची टाकी तर उतरवाच; ‘रिकामीच आहे’ म्हणणाऱ्याला सांगा, पेट घेते ती वाफ. शेवटी पोकळीत मेणाचा फवारा.

‘त्यापेक्षा चासीच नवी टाकू’, हाही एक विचार असतो. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो, पण गाडी मूळ रूपात लागते; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तेव्हा चासी क्रमांकाच्या जागी ग्राइंडर लावण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.