मावळणारे सप्तर्षी

वैनगंगा दक्षिणेकडे वाहता वाहता चामोर्शी तालुक्यात ज्या ठिकाणी उत्तरवाहिनी होते, त्या मार्कंडा येथील शिवालयांच्या शिल्पवैभवाची वाखाणणी पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमसाहेबाने १८७३-७४ च्या आपल्या दौऱ्यात केली, आणि तेव्हापासून सरकारदप्तरी या स्थळाची नोंद 'प्राचीन मंदिरे' म्हणून झाली ती कायमची. परंतु ज्या मार्कंडेय ऋषीचे नाव या तीर्थास लाभले, त्याच्या आख्यानाचा एक धागा थेट उत्तर आकाशात जातो, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अल्पायुषी मार्कंडेय समोर येईल त्यास वंदन करी. एकदा सप्तर्षी त्या वाटेने आले, त्यांनाही त्याने नमस्कार केला, आणि 'दीर्घायुषी हो' असा आशीर्वाद त्यांच्या मुखातून निघून गेला. मग मुलाचे आयुष्य सरत आले आहे हे ध्यानी येताच आपले वचन खोटे पडू नये म्हणून त्याला ब्रह्मदेवाकडे नेणे त्यांस भाग पडले. ज्या महाशिवरात्रीस मार्कंड्याची यात्रा भरते, त्याच रात्री दहाच्या सुमारास, चंद्र नसलेल्या आकाशात, ईशान्येकडे पाहिले असता हे सातही ऋषी नुकतेच क्षितिजावर चढून आलेले दिसतात.

क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्री या चौघांचा चौकोन, आणि अंगिरस, वसिष्ठ, मरीची या तिघांची मागे वळत गेलेली शेपटी, अशी ही मांडणी आहे. पुलहापासून क्रतूकडे रेघ ओढून ती तशीच सुमारे पाचपट लांबवली की ध्रुव सापडतो, हे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. मात्र ज्या क्रमिक पुस्तकांतून आपण हे पाठ करतो, त्यांतील पुष्कळसे आकाश युरोपातून आलेले आहे. तिकडे ध्रुव उंच असतो आणि सप्तर्षी त्याच्याभोवती वर्षभर, रात्रभर फिरत राहतात, कधी मावळत नाहीत. चामोर्शीचा अक्षांश जवळजवळ २०, म्हणून येथे ध्रुव क्षितिजापासून अवघा वीस अंश वर, म्हणजे रानाच्या कडेला उभे राहिल्यास झाडांच्या शेंड्यांआड जाईल इतका खाली; आणि त्यामुळे सातांपैकी एकही ऋषी येथे सदोदित नाही. वसिष्ठ दिवसाच्या चोवीस तासांपैकी सुमारे आठ तास क्षितिजाखाली असतो. दिवाळीच्या सायंकाळी आकाशदिवा टांगून उत्तरेकडे पाहावे, तर सप्तर्षी मुळी नाहीतच.

यातून एक गमतीची अडचण उद्भवते. विवाहविधीत वधूवरांस ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याचा संकेत गृह्यसूत्रांइतका जुना आहे. पण मार्गशीर्षातल्या मुहूर्तावर संध्याकाळी भटजींचे बोट ज्या दिशेला वळते, तेथे अरुंधती क्षितिजाच्या बरीच खाली असते. वैशाखातले लग्न असेल तर मात्र ती उत्तम दिसते: वसिष्ठाला अगदी लागून, चंद्रबिंबाच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, एक बारीक ठिपका. ज्यास हा ठिपका चष्म्यावाचून दिसला त्याची दृष्टी चांगली, असा लोकांचा दाखला आहे, आणि तो वाजवी आहे. खुद्द वसिष्ठही एक नव्हे. १६१७ साली कास्टेली या गॅलिलिओच्या शिष्याने दुर्बिणीतून त्याचे दोन तारे पाहिले, १८८९ साली पिकरिंगने वर्णपटावरून त्यांपैकी एक तारा स्वतःही जोडतारा ठरवला, पुढे दुसऱ्याचीही तीच गत झाली, आणि २००९ साली अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. एकूण सहा ताऱ्यांचे हे एकत्र कुटुंब.

ऋषींची ही नावे पोथीतली. गावात मात्र हा चौकोन म्हणजे म्हातारीची बाज, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळवू पाहणारे तीन चोर. गोंड गावांतून ऐकलेले आकाशज्ञान मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ साली शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध केले, त्यातही हीच बाज आहे आणि ती चोरू पाहणारी तीन माणसेही. निरीक्षण म्हणून पाहू जाता ही कथा पोथीपेक्षा सरस आहे, असे मला वाटते. कारण बाज आधी उगवते आणि चोर मागून; महाशिवरात्रीच्या रात्री ती खुरांवर नव्हे, उभी केलेली असते आणि चोर तिच्याखाली; आणि चैत्रात मोहफुले वेचण्यास पहाटे चारच्या अंधारात निघालेल्या माणसास तीच बाज वायव्येला खाली कललेली आणि चोर तिच्या वर लोंबकळत असलेले दिसतात. मावळतानाही बाजच आधी जाते. रात्रभर पाठलाग करूनही ती त्यांच्या हाती लागत नाही.

ताऱ्यांचे परस्परांशी नाते खरोखर आहे काय, या प्रश्नाचे उत्तर रिचर्ड प्रॉक्टरने १८६९ साली दिले. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाच तारे एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत. ते सारे आपल्यापासून सुमारे ऐंशी प्रकाशवर्षांवर असून एकाच मेघातून जन्मलेले आहेत. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र परके. क्रतू सुमारे १२३ प्रकाशवर्षांवर, मरीची १०४ वर, आणि त्यांची वाटही निराळी. लाखभर वर्षांनी ही आकृती मोडलेली असेल. जुन्या ग्रंथांत मात्र सप्तर्षींची निराळीच गती सांगितली आहे: ते एकेका नक्षत्रात शंभर वर्षे राहतात असे वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहिले, त्यावर काश्मिरात एक कालगणनाही चालली, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात तिचा परामर्श घेतला. परंतु अशी गती आकाशात कोठेही आढळत नाही.

ज्यांना हे सर्व स्वतः पडताळून पाहावयाचे असेल त्यांनी वैशाखातली, अमावास्येच्या आसपासची एखादी निरभ्र रात्र निवडावी, वस्तीचे दिवे पाठीमागे टाकून वैनगंगेच्या वाळवंटात नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करावे, आणि क्षितिजापासून डोक्यापर्यंतच्या उंचीच्या निम्म्याहून थोडे वर पाहावे. अरुंधती दिसण्यास अंधाराची सवय व्हावी लागते, म्हणून निदान पंधरा मिनिटे हातातली बॅटरी लावू नये.