काम सुटल्यानंतरचे नव्वद दिवस

नगरच्या नागापूर एमआयडीसीत किंवा पारनेर तालुक्यातल्या सुप्याला एखाद्याचं काम सुटलं, की ओळखीपाळखीचे लोक तीन गोष्टी विचारतात. हिशोब मिळाला का? पीएफ कधी काढणार? रांजणगाव-चाकणला कुठे बघितलंस का? बेकारी भत्त्याचा अर्ज केलास का, हे सहसा कुणी विचारत नाही. असा भत्ता आहे, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. त्याचे पैसे मात्र दरमहा भरलेले असतात.

हा भत्ता कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे कामगारांच्या तोंडचं ‘ईएसआय’, देतं. ईएसआय म्हटलं की आपल्याला दवाखाना आठवतो. ते बरोबरही आहे. १९४८च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली ती आजारपण, बाळंतपण आणि कामावरचा अपघात यांच्यासाठी. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. जुलै २०१९पासून पगाराचा पाऊण टक्का त्याच्याकडून कापला जातो आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. १५,००० पगारवाल्याचे महिन्याला सव्वाशेच्या आतच जातात, म्हणून त्या कपातीकडे कुणी निरखून पाहत नाही.

बेकारीचा विमा ब्रिटनने १९११मध्ये आणला, अमेरिकेने १९३५मध्ये. ईएसआयला त्यासाठी २००५ उजाडावं लागलं. त्या वर्षी १ एप्रिलला राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. कारखाना बंद पडला, कायदेशीर कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने ४० टक्क्यांहून कमी नाही असं कायमचं अपंगत्व आलं, तर तिचा लाभ मिळतो. पहिले बारा महिने निम्मा पगार, पुढचे बारा महिने पाव पगार, शिवाय कुटुंबाला औषधोपचार. योजना चांगली आहे. अडचण अशी की काम सुटलेल्यांपैकी फार थोड्यांच्या हाती कपातीचं रीतसर पत्र असतं.

बाकीच्यांसाठी १ जुलै २०१८ रोजी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना निघाली. सुरुवातीला तिच्यात सरासरी रोजाचा पाव हिस्सा मिळायचा, तोही नव्वद दिवस बेकार राहिल्यावर, आणि दावा जायचा जुन्या मालकामार्फत. ज्याने दार लावून घेतलं त्याच्याच दारात अर्ज घेऊन उभं राहायचं, ही कल्पना ज्याला सुचली तो कधी बेकार झाला नसावा. कोरोनाच्या टाळेबंदीत पाव हिस्सा निम्मा झाला, थांबायची मुदत तीस दिवसांवर आली आणि कामगाराला शाखा कार्यालयात थेट दावा करता येऊ लागला. या सवलती तात्पुरत्या म्हणून दिल्या गेल्या आणि नंतर मुदतवाढीवर चालत राहिल्या, म्हणून अर्ज करताना चालू नियम शाखेत विचारून घ्यावेत. भत्ता जास्तीत जास्त नव्वद दिवसांचाच, ही मर्यादा मात्र तशीच राहिली, आणि तोही आयुष्यात एकदाच.

पात्रतेच्या आणि रकमेच्या हिशेबात ७८ आणि ७३० हे दोन आकडे येतात, आणि कंत्राटी कामगाराचं घोडं तिथेच अडतं. ईएसआयचं वर्ष एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाह्यांचं असतं. विम्यात किमान दोन वर्षं झालेली हवीत. काम सुटण्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. रक्कम काढताना चारही सहामाह्यांची कमाई एकत्र करून ७३०ने भागतात. दोन वर्षं सलग १५,००० कमावणाऱ्याचा सरासरी रोज ४९३ रुपये येतो. त्याचे निम्मे २४६, आणि नव्वद दिवसांचे सुमारे २२,२०० रुपये.

आता ठेकेदाराने दिलेले ‘ब्रेक’ यात घालून पाहा. दोन वर्षांत चार महिने घरी बसवलेल्याची कमाई वीस महिन्यांची, पण भागायचं ७३०नेच. भत्ता साडेअठरा हजारांवर येतो. म्हणजे ज्याची नोकरी जास्त कच्ची, त्याला कमी पैसे. त्यातच प्रत्येक नव्या ठेकेदाराने नवा विमा क्रमांक काढलेला असला, तर एकाच माणसाची वर्गणी तीन क्रमांकांवर विखुरते. खरं तर हा क्रमांक जन्मभर एकच असायला हवा. नव्या ठिकाणी रुजू होताना जुना क्रमांक सांगायचा आणि दोन झालेच असतील तर काम हातात असतानाच शाखेतून एकत्र करून घ्यायचे. काम सुटल्यावर ही खटपट करायची ताकद उरत नाही.

नगर जिल्ह्यापुरती आणखी एक उणीव आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला घातला गेला, पण हंगामी कारखाने ईएसआयच्या कायद्यातून वगळलेले आहेत. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसापर्यंत तर हा विमा पोचतच नाही. त्याच्यासाठी कायद्यात वेगळा भत्ता होता. रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्यात, काम मागून पंधरा दिवसांत मिळालं नाही तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे निम्मा, असं लिहिलेलं होतं. त्यालाही तारखेची पोच लागायचीच. तोंडी मागणीला कायद्यात किंमत नव्हती.

माझं मत विचाराल तर आयुष्यात एकदा नव्वद दिवस ही तरतूद तुटपुंजी आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ती सव्वीस आठवड्यांपर्यंत असते आणि नोकरी पुन्हा गेली, की अटी पुऱ्या करून पुन्हा मागता येते. पण तुटपुंजी आहे म्हणून सोडून द्यावी एवढी ती क्षुल्लक नाही. बावीस हजारांत तीन महिन्यांचं घरभाडं आणि किराणा निघतो.

तेव्हा कुणी ‘राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो’ म्हणालं, तर सही करायची घाई करू नका. राजीनामा दिला की कपातीची भरपाई जाते आणि राजीव गांधी योजनेचा दरवाजाही बंद होतो. कामावरून कमी केल्याचं पत्र मागा. आधार आणि बँक पासबुकावरचं नाव ईएसआयच्या नोंदीशी जुळतं का, ते पाहा. आणि आपली वर्गणी किती दिवसांची भरली गेली आहे, ते ईएसआयच्या संकेतस्थळावर आजच तपासा.