बड्याचे गोश्त चिवट का होते? कापाची ओळख आणि मंद आचेचा हिशोब

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा दिवसांत लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या भागातल्या आपल्या घरांत संध्याकाळी बड्याच्या गोश्ताचे पातेले चढते. दिवसभर दुकानात किंवा कारखान्यात राबून आलेला माणूस, शाळेतून भिजून आलेली मुले आणि घरातले वडीलधारे एका दस्तरख्वानावर बसतात. पण दुसऱ्या दिवशी गोश्तवाल्याच्या दुकानावर एक तक्रार हमखास येते, "भाई, कालचे गोश्त चिवट निघाले." दोन-तीनदा असे झाले की ग्राहक दुकान बदलतो.

या तक्रारीमागे बहुधा दुकानदाराची लबाडी नसते आणि घरच्या बाईच्या हाताचा दोषही नसतो. चुकीचा काप चुकीच्या पदार्थाला गेलेला असतो, किंवा पातेल्याला हवा तेवढा वेळ मिळालेला नसतो. ही गोष्ट ग्राहकाला समजावून देणे हा गोश्ताच्या धंद्याचाच भाग आहे. आजच्या परिस्थितीत तर त्याची गरज अधिकच आहे.

बाजारात आज काय मिळते?

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गोहत्येला बंदी घातली. याच कायद्यात बैल आणि वळू यांचाही समावेश करणारे दुरुस्ती विधेयक १९९५ साली मंजूर झाले. त्याला राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली. बंदी मोडून कत्तल करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले.

म्हैस आणि रेडा यांना ही सरसकट बंदी लागू नाही. त्यांच्यासाठी अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणून राज्यातल्या परवानाधारक दुकानात आज बड्याचे म्हणून जे मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे असते. दूध आटलेल्या, वय झालेल्या जनावरांचा भरणा त्यात मोठा. बैलाच्या गोश्तावर चालणारा व्यापार २०१५ नंतर बसला. जनावरांच्या वाहतुकीत होणाऱ्या अडवणुकीला कंटाळून २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी-विक्रीच बंद ठेवली होती. धंदा असा आकसलेला असताना हाती असलेला ग्राहक केवळ चिवट गोश्तामुळे गमावणे परवडणारे नाही.

चिवटपणा येतो कुठून?

गोश्ताचे तंतू एकत्र बांधून ठेवणारे पांढरे पडदे आणि शिरा असतात. त्यात कोलॅजन नावाचा घटक असतो. जनावराचे वय वाढेल तसे हे कोलॅजन घट्ट होत जाते. शरीराचा जो भाग जास्त राबतो, म्हणजे पाय, मान, छाती, तिथे ते अधिक असते. म्हशीच्या गोश्तात तंतूंमधली चरबीही कमी, म्हणून ते लवकर कोरडे पडते.

शिजताना पातेल्यात दोन गोष्टी घडतात. गोश्त साठ-पासष्ट अंशांवर गेले की तंतू आकसतात आणि रस बाहेर टाकतात. म्हणून तासाभराने चाखून पाहिले तर ते कच्च्याहूनही कडक वाटते. पुष्कळ जण इथेच धीर सोडतात. यापुढे मंद आचेवर कोलॅजन हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन बनते. तेच रश्शाला दाटपणा देते, ओठाला चिकटते आणि तुकड्याला लोण्यासारखे मऊ करते. या कामाला अडीच ते साडेतीन तास लागतात.

आच मोठी करून हा वेळ वाचत नाही. पाण्याला उकळी फुटली की खालून कितीही जाळ लावला तरी उघड्या पातेल्यातले पाणी त्याहून गरम होत नाही. फक्त गॅस जळतो आणि रस्सा आटतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंच आहे. तिथे पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांवर उकळते. मुंबईच्या पाहुण्याने सांगितलेल्या वेळेपेक्षा घाटमाथ्यावर थोडा जास्त वेळ लागतो तो यामुळे.

कोणता काप कशाला?

बोंग, म्हणजे पिंडरीचा नळीसह भाग, मंद आचेसाठी सर्वांत उत्तम. निहारीला हाच लागतो. त्यात शिरा भरपूर आणि नळीतला गूदा रश्शाला चव देतो. गर्दन आणि सीना हेही याच कामाचे. दस्त, म्हणजे पुढचा खांदा, घरच्या साध्या सालनासाठी चांगला. रश्शाला आणखी दाटपणा हवा असेल तर पायाचा एखादा तुकडा सोबत टाकावा.

रानाचे गोश्त दिसायला स्वच्छ, बिनहाडाचे आणि एकसारखे असते. ते खिमा, पसंदे, कबाब यांसाठी योग्य. अंडरकट तर झटपट तव्यावर भाजण्याचा भाग. ग्राहक नेमके उलटे करतो. "नरम द्या, बोनलेस द्या" म्हणून रान नेतो आणि तीन तास शिजवतो. त्यात विरघळायला फारसे कोलॅजन नसते. तंतू कोरडे होतात आणि दातात अडकतात. महाग काप नेऊनही जेवण फसते. बोंग किंवा गर्दन बहुधा रानापेक्षा कमी दरात मिळते आणि या पदार्थाला तेच सरस ठरते.

आणखी एक गोष्ट. पहाटे कापलेले गोश्त त्याच दिवशी दुपारी शिजवू नये. कत्तलीनंतर काही तासांनी स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा उतरायला मोठ्या जनावरात एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. गोश्त फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात झाकून एक रात्र ठेवावे, मग शिजवावे.

घरची रीत

पाच-सहा माणसांना नळीसह एक ते सव्वा किलो बोंग पुरते. तुकडे मोठे, साधारण मुलाच्या मुठीएवढे ठेवावेत. लहान तुकडे भुगा होतात. गोश्त धुऊन पूर्ण निथळावे आणि कपड्याने कोरडे करावे. ओले गोश्त तेलात भाजले जात नाही, आपल्याच पाण्यात उकडते.

जाड बुडाच्या पातेल्यात पाच चमचे तेल चांगले तापवून तुकडे थोडे थोडे करून सर्व बाजूंनी तांबूस भाजून काढावेत. त्याच तेलात चार उभे चिरलेले कांदे लाल करावेत. दोन मोठे चमचे आले-लसूण, दोन चमचे धणे पूड, दोन लहान चमचे तिखट, अर्धा चमचा हळद, दालचिनीचा तुकडा, पाच-सहा लवंगा आणि दोन मसाला वेलची घालून तेल सुटेपर्यंत परतावे. मग अर्धी वाटी घोटलेले दही थोडे थोडे घालावे. गोश्त परत टाकून मीठ आणि गरम पाणी घालावे. पाणी तुकड्यांच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंतच असावे.

एक उकळी आली की आच अगदी बारीक करावी. झाकणाच्या कडेला कणीक लावून वाफ कोंडावी. आत खळखळ नको. मधूनच एखादा बुडबुडा उठावा इतपत पुरे. तीन तासांनी झाकण उघडून सुरीचे टोक घालून पाहावे. ते अडखळल्याशिवाय आत गेले की गोश्त झाले. नाहीतर अर्धा तास आणखी द्यावा. उतरवल्यावर वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवले की रस पुन्हा तुकड्यांत मुरतो.

गॅस वाचवायचा असेल तर कुकर वापरावा. त्यात दाबामुळे उष्णता सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत जाते. भाजणे आणि परतणे तसेच करावे, पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून चाळीस ते पन्नास मिनिटे द्यावीत आणि वाफ आपोआप उतरू द्यावी. तांब्याचे पातेले असेल तर कल्हई शाबूत आहे का ते आधी पाहावे. दह्यासारखा आंबट पदार्थ उघड्या तांब्यात शिजवणे घातक आहे.

सोबत मावळचा इंद्रायणी तांदूळ असावा. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आले. त्याचा मऊ, चिकटसर भात हा रस्सा चांगला धरून ठेवतो. भाकरी किंवा पावही चालतो. उरलेले गोश्त दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उकळी येईपर्यंत तापवावे. दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरलेली लागते.

दुकानदार आणि खानावळवाल्यांसाठी

गोश्त विकणाऱ्याने ग्राहकाला आधी विचारावे, "काय बनवणार?" मग काप द्यावा आणि शिजायला किती वेळ लागेल तेही सांगावे. या दोन वाक्यांना पैसा लागत नाही. कापांची नावे आणि प्रत्येकाचा उपयोग फळ्यावर लिहिला तर नवी सूनही बिनचूक माल नेईल. खरेदीची पावती आणि जनावराचा दाखला जपून ठेवावा.

लोणावळ्यात शनिवार-रविवारी बंगले भाड्याने घेणारी कुटुंबे शिजवलेले जेवण मागवतात. घरून डबे देणाऱ्यांना हा पदार्थ सोयीचा आहे, कारण तो आदल्या दिवशी करून ठेवता येतो. दर लावताना घट धरावी. एक किलो बिनहाडाचे गोश्त शिजल्यावर साधारण साडेसहाशे ग्रॅम उरते. तीन तासांचा गॅस आणि मसाला यांचाही हिशोब मांडावा. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी आणि यादीत "म्हशीचे गोश्त" असे स्वच्छ लिहावे. त्यामुळे न खाणाऱ्याची फसगत होत नाही आणि विकणाऱ्याच्या मागे उगाच चौकशी लागत नाही.

स्वस्त काप, बारीक आच आणि तीन तासांचा धीर एवढे भांडवल घरच्या चांगल्या जेवणाला पुरते. हे ज्ञान गल्ल्यावर बसणाऱ्याने ग्राहकाच्या पिशवीत गोश्ताबरोबर घालून दिले, तर चिवट गोश्ताची तक्रार घेऊन येणारा तोच माणूस पुढच्या जुम्म्याला आणखी एक किलो बोंग मागायला येईल.